कोणत्या पेपरात आलंय, मॅडम?

विभागात कुणी "माझा पेपर आला" म्हटलं की लगेच विचारणा होते, कुठल्या जर्नलमध्ये, आयएसएसएन (नियतकालिकाचा अधिकृत क्रमांक) आहे का. घरी हेच वाक्य म्हटलं तर सासूबाई दाराकडं बघतात. त्यांच्या लेखी पेपर म्हणजे पोरगं पहाटे उंबऱ्यात टाकून जातं तो. हा लेख त्या उंबऱ्यातल्या पेपरात लिहू पाहणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पीएच.डी. करत असाल किंवा जिल्ह्यातल्या एखाद्या कॉलेजात नुकतेच लागला असाल. इतिहास, समाजशास्त्र, मराठी, राज्यशास्त्र असं काहीतरी शिकवत असाल. आपण वर्षानुवर्षं जे वाचलं त्यातलं गावातल्या चर्चेत काहीच ऐकू येत नाही, अशी चुटपुट लागली असेल तर पुढं वाचा.

आधी कडू गोष्ट. वर्तमानपत्रातल्या लेखाला पदोन्नतीच्या फायलीत शोधनिबंधाचे गुण मिळत नाहीत. मानधन आलं तर महिन्याच्या पेट्रोललाही पुरत नाही. डॉ. आंबेडकरांनी 1920 साली 'मूकनायक' काढलं तेव्हा शाहू महाराजांनी 2500 रुपये दिले होते. तसं कुणी आपल्या पाठीशी उभं राहील या भरवशावर लेखणी उचलू नका. मग लिहायचं कशाला? माझं कारण असं की ज्यांच्या आयुष्यावर आपण डिग्री मिळवतो त्यांना ते वाचता आलं पाहिजे, आणि वाचून आपल्याशी भांडता आलं पाहिजे. खाली जे काही सांगते ते याला धरूनच.

1. विषय घेऊ नका, प्रश्न घ्या

"ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रियांचे स्थान" हा विषय झाला. त्यावर चर्चासत्र होऊ शकतं, दुपारचं जेवण होऊ शकतं, लेख होत नाही. लेखाला एक प्रश्न लागतो आणि तो वाचणाऱ्याच्याही मनात असावा लागतो.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही असा ठराव करायला सांगितलं. बातमी देशभर गेली आणि सगळ्यांनी कौतुक केलं. आता तुम्ही काय लिहिणार? कौतुकाचा शंभरावा लेख नकोच. प्रश्न असा घ्या: ठराव झाल्यावर पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाला कुणाला बोलावलं गेलं? हा प्रश्न गल्लीतली प्रत्येक बाई ओळखते.

आणि इथंच तुमचा अभ्यास कामाला येतो. कोल्हापूर संस्थानात 1917 साली विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्यानं मान्यता मिळाली होती. म्हणजे दुसरं लग्न करायला कायद्याची हरकत नाही, याला शंभर वर्षं होऊन गेली. तरी कपाळावर कुंकू ठेवायचं की नाही हे ठरवायला 2022 साली ठराव का लागला? कारण लग्न नोंदवायला सरकार असतं, कुंकवाची नोंद शेजारीण ठेवते. एवढी एक जोडणी तुम्ही करून दिलीत की लेखाचा कणा उभा राहिला. बातमीदाराला ती करायला वेळ नसतो आणि पुढाऱ्याला गरज नसते.

प्रश्न सापडत नसेल तर एक उपाय. विद्यार्थी तुम्हाला वर्गाबाहेर काय विचारतात ते आठवड्याभर वहीत टिपून ठेवा. वर्गातले प्रश्न परीक्षेचे असतात. जिन्यावर थांबवून विचारलेले खरे.

2. "पुरोगामी कोल्हापूर" हा परिच्छेद काढून टाका

आपल्याकडं दहातले सात लेख "राजर्षी शाहू महाराजांच्या पुरोगामी विचारांचा वारसा लाभलेल्या या करवीर नगरीत" असे सुरू होतात. मीही केलेत. संपादक हा परिच्छेद डोळे झाकून कापतो, वाचक डोळे उघडे ठेवून गाळतो. 26 जूनच्या, म्हणजे शाहू जयंतीच्या आसपास तर पानंच्या पानं अशा वाक्यांनी भरतात, म्हणून त्या आठवड्यात शक्यतो काही पाठवूच नका.

याचा अर्थ शाहू महाराजांना आणायचं नाही असा नव्हे. आणायचं तर कागद घेऊन आणा. 26 जुलै 1902 चा आदेश घ्या. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागासलेल्यांसाठी, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण मागासलेले म्हणजे कोण, हे आदेशात उलट्या बाजूनं सांगितलंय: ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. हे किती जणांना माहीत असतं? आणि आदेश निघाला तेव्हा महाराज इंग्लंडमध्ये होते. आज आरक्षणावर लिहिताना "मागास कोण" हाच वादाचा मुद्दा आहे, आणि ती व्याख्या तेव्हा कशी केली होती हे दोन ओळींत सांगणं हे खास तुमचं काम. जयजयकार दुसरे करतील.

असे कागद घरबसल्या मिळतातच असं नाही. विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, पुराभिलेखागार आहे, 1850 पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे. मोडी येत नसेल तर शिका, नाहीतर येणाऱ्याशी दोस्ती करा. दुसरा मार्ग जास्त लवकर जमतो.

3. लिहिण्याआधी बोला

या पायरीवर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण आपल्यातले बहुतेक जण इथंच अडतात.

आपण वाचतो इंग्रजीत, टिपणं काढतो निम्म्या इंग्रजीत, आणि मराठीत लिहायला बसलो की मनातल्या मनात भाषांतर करतो. त्यातून "अवकाश", "परीघ", "संरचना", "चिकित्सक दृष्टिकोन" असे शब्द येतात. यातला एकही शब्द चुकीचा नाही. पण ते ज्या वाक्यात बसतात ते वाक्य कुणाच्या तोंडात बसत नाही.

माझी स्वतःची फजिती सांगते. 2019 च्या महापुरानंतर मी एका दैनिकाला लेख दिला. त्यात हे वाक्य होतं: "पूरप्रवण क्षेत्रातील सीमांत समूहांच्या स्थलांतरविरोधी मानसिकतेची चिकित्सा होणे गरजेचे आहे." छापून आल्यावर मी दिवसभर खुशीत होते. संध्याकाळी शिरोळ तालुक्यातून एका आजोबांचा फोन आला. नंबर कुठून मिळवला होता कोण जाणे.

"मॅडम, तुमचा लेख वाचला. त्यात मानसिकता म्हटलंय ते आमच्याबद्दलच नव्हं?"

मी हो म्हटलं.

"मग ऐका. माझ्या दोन म्हशी हायत. बोटीत माणसं घेत हुते, म्हशी न्हाई. दावं सोडून द्यायचं आणि बोटीत बसायचं, हे तुमच्यानं झालं असतं का?"

मी काय बोलणार? माझ्या वहीत मुलाखती होत्या, तक्ते होते, दावणीतली म्हैस नव्हती. दर दहा दिवसांना दूध संस्थेतून येणारं बिल हा त्या घरातला एकमेव रोख पैसा असतो. तो पाण्यात सोडून जायचं की नाही हा त्या माणसाचा हिशेब होता, आणि मी त्याला मानसिकता म्हटलं होतं.

पुढं तो लेख मी नव्यानं लिहिला. सुरुवात अशी केली: "पाणी दारात आलं तरी माणसं घर सोडत नाहीत, कारण दावणीला म्हैस असते." काही सहकारी म्हणाले, फार सोपं केलंस. मला तसं वाटत नाही. पहिल्या वाक्यात मी त्या लोकांना दोष दिला होता आणि कारण सांगितलंच नव्हतं. दुसऱ्यात कारण आहे. अभ्यास कुठल्या वाक्यात जास्त आहे ते तुम्हीच ठरवा.

म्हणून रीत अशी: लॅपटॉप बंद करा. तुमच्या विषयातल्या नसलेल्या एका माणसाला तुमचा मुद्दा दहा मिनिटं तोंडी सांगा. बहीण चालेल, शेजारचे काका चालतील, रंकाळा तलावावर फिरायला सोबत येणारी मैत्रीण चालेल. त्यांनी जिथं "म्हणजे?" विचारलं ती जागा लक्षात ठेवा आणि उत्तर देताना तुमच्या तोंडून जे वाक्य निघालं तेच लिहा. मग घरी येऊन टिपणं उघडा.

पारिभाषिक शब्द एखादा राहू द्या. लेखात एकच, आणि तोही उदाहरण देऊन झाल्यावर, म्हणजे वाचकाला तो शब्द शिकल्यासारखा वाटतो, अंगावर आल्यासारखा वाटत नाही. तळटीपा अजिबात नकोत. ज्याचा मुद्दा घेतलात त्याचं नाव वाक्यातच घ्या.

बोलीबद्दल एक सांगते. "लई", "हाय", "व्हय की" हे ज्याच्या तोंडचं असेल त्याच्याच तोंडी ठेवा. लेखकानं मध्येच कोल्हापुरी फोडणी द्यायची आणि गावच्या माणसाला गमतीचा करून टाकायचा, हे मला आवडत नाही. शहरातल्या वाचकाला हसू येतं आणि ज्याचं बोलणं आहे तो मनातून उतरतो.

4. आकडा बंधाऱ्यासारखा द्या

सामान्य वाचकाला आकडे कळत नाहीत असं म्हणणाऱ्यानं जुलै-ऑगस्टात कोल्हापुरात येऊन राहावं. "आज किती फूट?" हा प्रश्न रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे विचारतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा पातळी, 43 फूट म्हणजे धोका पातळी, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. कितव्या फुटाला आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तो आकडा कळतो. तुमचा आकडाही असाच कशाला तरी टेकलेला हवा.

समजा मुलींच्या घटत्या संख्येवर लिहिताय. 2001 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात 0 ते 6 वयोगटात 1000 मुलग्यांमागं 839 मुली होत्या, 2011 ला 863. "सुधारणा झाली" म्हणून मोकळं होता येतं. पण एवढ्यावर थांबू नका. निसर्गतःही मुली जरा कमीच जन्मतात, 1000 मुलग्यांमागं साधारण 950. म्हणजे 863 मध्ये कमी असलेल्या सगळ्याच मुली मारल्या गेल्या असं म्हणणं चूक, आणि 839 वरून 863 झाले म्हणून सुटलो असं म्हणणंही चूक. तफावत हजारामागं 90 च्या आसपास उरते. हे वाचकाला समजावून सांगायला तीन वाक्यं पुरतात. आणि आकड्याला साल जोडायला विसरू नका. 2011 ची जनगणना आता जुनी झालीय. तो आकडा "सध्या" म्हणून खपवला तर एखादा बारावीचा विद्यार्थीही तुम्हाला धरेल.

एका लेखात दोन-तीन आकडे. जास्त झाले की तो अहवाल होतो.

5. माणसं ओळखू येतात

शोधनिबंधात "प्रतिसादक क्र. 7" लिहून भागतं. तो निबंध गावात कुणी वाचत नाही. पेपर वाचतात. तुम्ही नाव बदललंत, पण "शिरोळ तालुक्यातल्या एका गावातली शिक्षिका, दोन मुली, नवरा मिलिटरीत" असं लिहिलंत तर दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळतं. नावाबरोबर अशा तीन खुणांपैकी दोन बदला किंवा गाळा. ज्यांचं बोलणं अवतरणात घेताय त्यांना छापण्याआधी फोनवर वाचून दाखवा. बऱ्याचदा ते काही काढायला सांगत नाहीत, उलट आणखी एक गोष्ट सांगतात, आणि ती आधीच्यापेक्षा चांगली असते.

काही ठिकाणी कायदाच आडवा येतो आणि तो यायलाच हवा. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाची ओळख पोक्सोच्या (बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम 23 नुसार उघड करता येत नाही, आणि बाल न्याय कायद्याचं कलम 74 त्याहून व्यापक आहे. नाव, गाव, शाळा, फोटो यातलं काहीच नको. बदनामी (कलम 356), दोन समाजांत तेढ वाढवणं (196) आणि धार्मिक भावना दुखावणं (299) ही न्याय संहितेतली कलमंही एकदा मूळातून वाचा. प्रत्येक टोकदार वाक्याच्या मागं तुमच्याकडं कागद आहे ना, एवढं बघा आणि शंका असेल तर ओळखीच्या वकिलाला मजकूर दाखवा. सरकारी किंवा अनुदानित संस्थेत असाल तर सेवाशर्ती आधी वाचा, लेख छापून आल्यावर नको.

भीतीबद्दल न बोलता हा भाग संपवता येणार नाही, निदान कोल्हापुरात तरी. कॉम्रेड गोविंद पानसरे वकील होते, विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. पण इतिहासकारांनी जाड ग्रंथांत ठेवलेलं शिवचरित्र त्यांनी एका भाषणातून पातळशा पुस्तिकेत आणलं आणि ती पुस्तिका ग्रंथ कधी न वाचणाऱ्यांच्या घरात गेली. 16 फेब्रुवारी 2015 ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांच्यावर याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या. 20 तारखेला ते गेले. नव्या मुलांना मी "घाबरू नका" असं सांगत नाही, तो अधिकार मला नाही. मी व्यवहाराचं सांगते. वादाचा लेख येणार असेल तर विभागात दोघांना आणि घरात सगळ्यांना आधी सांगून ठेवा. धमकीचा फोन किंवा मेसेज आला तर पुसू नका, जपून ठेवा आणि पोलिसांत लेखी द्या. घरच्यांचे फोटो सगळ्यांना दिसतील असे ठेवू नका. रात्री अकरानंतर कुणालाही उत्तर देऊ नका, मग तो शिव्या देणारा असो वा कौतुक करणारा.

6. पाठवताना

हा भाग कोरडा आहे, पण निम्मे लेख इथंच पडतात.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा आणि वर्ड फाइल पाठवा. पीडीएफ नको, हस्ताक्षराचा फोटो तर नकोच. जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसरीकडं उघडलं की रफार उडतो, जोडाक्षरं फुटतात आणि "धर्म" चं काहीतरी भलतंच होतं. संपादकीय पानावरचा मुख्य लेख साधारण 800 ते 1000 शब्दांचा, छोटं टिपण 400 च्या आसपास. 2400 शब्द पाठवून "योग्य ते संपादन करावे" असं लिहू नका. तुम्हाला जो परिच्छेद जिवाचा वाटतो नेमका त्यालाच कात्री लागते.

एक लेख एकाच ठिकाणी पाठवा. आठवडाभर थांबा, मग एक फोन करा, तोही दुपारी. संध्याकाळी पानं लागत असतात, तेव्हा फोन केलात तर तुमचं नाव भलत्या कारणानं लक्षात राहील. मथळा ते देतील आणि तो तुम्हाला आवडणार नाही. आपणच दोन-तीन सुचवून ठेवले तर धक्का जरा कमी बसतो. लेखाखाली "लेखिका अमुक महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतात" एवढी ओळ पुरे, बायोडेटा नको.

मुद्दा 1000 शब्दांत मावणारच नसेल तर दैनिकाच्या मागं लागू नका. साने गुरुजींनी 1948 साली सुरू केलेलं 'साधना' साप्ताहिक आहे, वाईहून निघालेलं 'नवभारत' मासिक आहे. तिथला वाचक बैठक मारून वाचतो. पण सुरुवात दैनिकानं करा. हात बसतो.

7. छापून आल्यावर

पहिल्या दिवशी ओळखीचे लोक अभिनंदन करतात. त्यातल्या बहुतेकांनी मथळा आणि फोटो एवढंच पाहिलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारे फोन महत्त्वाचे. कुणी चूक दाखवली आणि ती खरी असली तर त्याच दैनिकाला दोन ओळींची दुरुस्ती पाठवा. एकाही सहकाऱ्यानं मला असं केलेलं सांगितलेलं नाही, पण मी दोनदा केलंय आणि दोन्ही वेळा संपादकांनी पुढचा लेख लवकर घेतला. जात विचारणारे फोनही येतात. "आडनावावरून कळलं नाही म्हणून विचारतो," असं म्हणतात. मी लेखातला मुद्दा काय पटला नाही असं उलट विचारते. निम्मे तिथंच फोन ठेवतात.

कात्रणावर तारीख लिहून फायलीला लावा. संकेतस्थळावरचा दुवा दोन वर्षांनी उघडेलच असं नाही.

आणि आणखी एक प्रत काढा. लेख ज्या गावाबद्दल आहे त्या गावच्या वाचनालयात किंवा ग्रामपंचायतीत ती स्वतः नेऊन द्या, टपालानं नको. पुराचा तो दुसरा लेख मी एसटीनं जाऊन आजोबांच्या गावच्या वाचनालयात देऊन आले. तिथल्या माणसानं तो जाड पुठ्ठ्याला चिकटवून भिंतीला टांगला. चारेक महिन्यांनी गेले तर त्यावर पेन्सिलीनं तीन दुरुस्त्या केलेल्या होत्या. दोन बरोबर होत्या. तिसरीवरून आमचं अजून चाललंय.